मधोमध अडकलेली गाडी

भिंतीत खिळा ठोकायचा तर जो माणूस आधी भिंतीचा दोष काढतो, त्याने एके दिवशी मोटारीच्या चाकात घालायच्या चकत्या घरी करायच्या ठरवल्या. पुढे जे झालं त्यात त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाचाही दोष नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण दोष दुसऱ्याच्या पदरात टाकायची त्याची सवय जुनी.

त्यांना सगळे बादराव म्हणत. हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. सुट्या भागांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, तिला व्हर्नियर लावून जाडी मोजायची, चष्म्यावरून बघायचं, लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि म्हणायचं, "बाद." अख्खी नोकरी त्यांनी या एका शब्दावर काढली. स्वतः मात्र त्यांनी कधी साधा वायसरसुद्धा कापला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना तोच व्हर्नियर मखमली डबीत घालून भेट दिला. (लाल रंगाची बाटली त्यांनी न विचारता आणली.)

घरी आल्यावर तपासायला उरलं काय, तर बायको.

बायको शिवणाचे वर्ग घेत असे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मशीन बरोबर न्यावं लागे, म्हणून गाडी लागे, आणि गाडी लागे म्हणून बादराव लागत. आज माझं डोकं दुखतंय, आज पेट्रोल कमी आहे, आज तुझं लवकर आटप, असं ऐकत तिने कितीतरी वर्षं काढली. शेवटी केस पांढरे झाल्यावर ती उठली आणि गाडी शिकायला गेली. (पन्नाशी उलटलेली बाई काहीतरी शिकायला निघाली की घरातल्या पुरुषाला अचानक तिच्या तब्येतीची काळजी वाटू लागते. बादरावांनाही वाटली.) सराव करताना ते शेजारच्या सीटवर बसत, चष्म्यावरून बघत, आणि घरी परतल्यावर निकाल देत. निकाल कुठला, ते सांगायला नको.

त्यांच्या घराची रचनाच अशी की गाडी चालवणाऱ्याची परीक्षा दारातच व्हावी. गाडी मागच्या अंगणात पत्र्याखाली उभी असे. तिथून घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या बोळातून ती बाहेर काढायची. बोळ असा अरुंद की गाडीचं दार उघडलं तर वीतभर उघडे. आणि बोळाच्या तोंडाशी फाटक. फाटकाला दोन विटांचे खांब आणि खांबांच्या पायाशी सिमेंटचे उतरते ठोकळे. दोन्ही बाजूंना मिळून सुटणारी जागा म्हणजे इकडे एक बोट, तिकडे एक बोट.

बायकोने पहिल्याच आठवड्यात शिवणाच्या खडूने फाटकात जमिनीवर बरोबर मधोमध रेघ ओढली आणि गाडीच्या नाकावर मधोमध निळ्या फितीचा तुकडा चिकटवला. फीत रेघेवर ठेवायची आणि श्वास न सोडता बाहेर पडायचं. त्या दिवसापासून तिची गाडी खांबाला कधी लागली नाही. बादराव म्हणाले, नशीब.

लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली होती. त्याची हकिगत थोडक्यात अशी की बादराव मैदानाच्या कडेला उभे राहून तिचं चालवणं पाहत होते आणि ऐन वळणावर त्यांनी इतकी जोरात मान हलवली की तिला काचेतून दिसलं आणि तिने भर वळणात गाडी थांबवली. दुसऱ्या परीक्षेची तारीख मिळाली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "या खेपेला नापास झाले तर स्टीअरिंगला पुन्हा हात लावायची नाही." आणि ती म्हणाली की म्हणाली. आजवर तिने शब्द फिरवलेला कोणी पाहिला नव्हता.

मध्यंतरी तिच्या भावाने हौसेने गाडीला रुंद टायर बसवून दिले. गाडी दिसू लागली झोकात, पण खांबांजवळची बोटभर जागा अर्ध्या बोटावर आली. तरी बायको फीत रेघेवर धरून सुखरूप बाहेर पडे. खरी पंचाईत दुसरीच होती. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढचे टायर आतल्या अंगाला घासत आणि घर्र असा आवाज येई. त्या आवाजाने ती दचके. परीक्षेच्या आधी तेवढं गॅरेजवाल्याकडून करून घ्या, असं तिने नवऱ्याला सांगितलं. बादराव म्हणाले, झालं समज.

गॅरेजवाल्याने चाकाखाली डोकं घालून सांगितलं की स्पेसर टाकावे लागतील. स्पेसर म्हणजे भोकं पाडलेली जाड चकती. ती चाकाच्या आत बसते, चाक बाहेर सरकतं, घासणं थांबतं. बोल्टही जास्त लांब लागतील, आणि चकत्या मात्र तयार विकत घ्या, असं त्याने बजावलं. त्या मशीनवर केलेल्या असतात, सगळीकडून सारख्या. घरी केलेल्या चकतीवर चाक डुलतं.

'घरी केलेल्या' हे शब्द बादरावांच्या नाकाला मिरच्यांसारखे झोंबले. ज्यांनी हजारो चकत्या बाद केल्या त्यांना एक चकती करता येऊ नये? चकती म्हणजे तरी काय, मध्ये भोक आणि भोवती भोकं. ते फक्त लांब बोल्ट घेऊन घरी आले.

आता सपाट, जाड, चांगल्या अॅल्युमिनियमचे ताटाएवढे दोन गोल तुकडे पाहिजेत. बादरावांनी घरभर नजर फिरवली आणि ती स्वयंपाकघरात भिंतीला टांगलेल्या तव्यावर येऊन थांबली. व्हर्नियर लावला. जाडी बरोबर अर्धं बोट. (अर्धं बोट हे माप ध्यानात ठेवा. बादरावांनी ठेवलं नाही.)

पण तवा एक आणि चाकं दोन. म्हणून ते कुंपणापाशी गेले आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले की घरी पाहुणे येणार आहेत, तुमचा तवा दोन दिवस द्याल का. डॉक्टरीणबाईंनी भाबडेपणाने दिला. वर विचारलं, ताईंना मदतीला येऊ का? बादराव म्हणाले, नको नको, घरातलेच आहेत.

मग बायको वर्गाला गेली की बादराव मागच्या अंगणात ड्रिल घेऊन बसायचे. मधलं मोठं भोक पाडायला त्यांनी भोवताली बारीक भोकांची माळ काढली आणि मधला तुकडा हातोडीने पाडला. दोन अंगठे सुजले. कडा कानशीने घासल्या. दांडे कापले, पण मुळाशी बोटभर तसेच ठेवले, चकती धरायला सोयीचं पडतं म्हणून. कारखान्यात कोणी असा माल पुढे ठेवला असता तर त्याला बादरावांनी दारापर्यंत पोचवून यायला कमी केलं नसतं. पण स्वतःच्या हातची वस्तू माणूस वेगळ्या डोळ्यांनी बघतो. त्यांनी दोन्ही चकत्यांना जागोजागी व्हर्नियर लावला, चष्म्यावरून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "पास."

संध्याकाळी बायकोने विचारलं, तवा कुठे गेला? बादराव म्हणाले, कल्हईला दिलाय. अॅल्युमिनियमला कल्हई लागत नाही हे तिला ठाऊक होतं. पण परीक्षा दुसऱ्या दिवशी होती आणि तिचं डोकं तव्यात नव्हतं. चाकाचं काम झालं का, एवढंच तिने विचारलं. त्यांनी मान डोलावली आणि स्टीअरिंग गरगर फिरवून दाखवलं. घर्र नाही, काही नाही. तिने इतक्या विश्वासाने निःश्वास सोडला की बादरावांना क्षणभर स्वतःचाच हेवा वाटला. कुठून आणलं, कसं केलं, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

सकाळी ती पत्र्याखाली गाडीत बसली, आरसे जवळ केले, दोनदा हात पुसले. बादराव बाजूला बसले. गाडी बोळातून गोगलगाईसारखी निघाली. फीत रेघेवर आली. तिने श्वास धरला.

कुर्र.

गाडी थांबली. तिने हळूच पेट्रोल दिलं, गाडीने नाक उचलल्यासारखं केलं, पण सरकेना. मागे घेऊन पाहिली, मागेही जाईना. पुढची दोन्ही चाकं दोन ठोकळ्यांच्या मध्ये पाचर मारल्यासारखी बसली होती.

बादरावांना त्याच क्षणी कळलं. सगळी नोकरी मशिनींचे आवाज ऐकलेले कान ते. आवाज दोन्ही बाजूंनी एकदम आला होता. इकडे अर्धं बोट, तिकडे अर्धं बोट. त्यांनी चकत्या मोजल्या होत्या, भोकं मोजली होती, बोल्ट मोजले होते. फाटक मोजलं नव्हतं.

"लागलं का?" तिने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

आता इथे खरं बोलायला एक श्वास पुरला असता. पण बादरावांच्या तोंडाला जे वळण पडलं होतं त्याच वळणाने शब्द बाहेर आले. "थोडी डावीकडे गेलीस."

तिने इंजिन बंद केलं. हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले, एखादी दुसऱ्याची वस्तू परत ठेवावी तसे.

"तुम्ही म्हणत होता तेच खरं," ती म्हणाली. "मला नाही जमायचं."

हे वाक्य ऐकायची बादरावांना किती वर्षांची हौस होती. आणि आता ऐकायला मिळालं तर घासात खडा यावा तसं झालं. ते म्हणाले, "अगं..." ती म्हणाली, "राहू दे." आणि त्यांनी राहू दिलं. (तिने ते दुःखाने म्हटलं होतं. त्यांनी ते परवानगी म्हणून घेतलं.)

दारं तर उघडत नव्हती. तिने सीटजवळची डिकीची कळ ओढली, मागची सीट आडवी केली आणि सरसर मागून उतरून गेली. बादराव तिच्या मागोमाग निघाले, पण ती शिवणाऱ्या बाईची चण आणि ही निवृत्त तपासनिसाची. आडव्या सीटवर पोट, डिकीत डोकं, गालाला जॅक, आणि शर्ट कुठल्यातरी खिळीत अडकलेला. एवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून डॉक्टरीणबाईंचं डोकं वर आलं. त्या कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"काका," त्यांनी विचारलं, "तुम्ही आत चाललात की बाहेर येताय?"

बादरावांना वाटलं, जमीन दुभंगली तर डिकीतून थेट तिच्यात उतरावं. शर्टाची एक गुंडी गमावून ते बाहेर आले, मागच्या दाराने घरात शिरून पुढच्या दाराने फाटकाबाहेर गेले. तिथे बायको डाव्या चाकापाशी वाकली होती. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. बायको उठली, उजव्या चाकापाशी गेली, पुन्हा वाकली. पर्समधून मोजायची टेप काढली. तिचं एक टोक टायर आणि ठोकळ्याच्या मध्ये घालायला गेली. गेलं नाही. पुन्हा डावीकडे आली. तिथेही गेलं नाही. मग ती गाडीच्या नाकासमोर उभी राहिली आणि फितीकडे पाहिलं. फीत रेघेवर होती.

"मी डावीकडे गेले असते," ती सावकाश म्हणाली, कापड बेतताना बोलते तशी, "तर उजवीकडे जागा सुटली असती. इथे धागाभर सुटलेली नाही. ना इकडे, ना तिकडे."

"म्हणजे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे गाडी बरोबर मधोमध अडकलीय."

तिचा चेहरा असा पालटला की बादराव दुसरीकडे बघू लागले. बसलेले खांदे वर आले. गाडी अडकवून इतकं समाधान क्वचितच कोणाला मिळालं असेल.

"मग काय, रात्रीत फुगली का गाडी?" तिने विचारलं. कोणाला विचारलं ते स्पष्ट होतं, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

अंधाऱ्या जागी डोकावायची डॉक्टरीणबाईंना रोजची सवय. त्यांनी मोबाइलचा उजेड चाकाच्या फटींमधून आत सोडला. "ताई, आत काहीतरी चकाकतंय. दांड्याच्या बुडख्यासारखं."

बायको वाकली. दांड्याचे दोन खिळे दिसले, एक पूर्ण आणि एक टवका उडालेला. तो टवका ती कितीतरी वर्षं रोज बघत आली होती.

"हा माझा तवा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या चाकापाशी गेल्या. उजेड आत सोडला.

"काका," मग त्या तिथूनच म्हणाल्या, "पाहुणे येणार होते ना?"

बादरावांनी खिशातली मखमली डबी घट्ट धरली. तिचा काही उपयोग नव्हता. ते सांगू लागले की विकतचे स्पेसर म्हणजे नुसता बाजार, घरी केलेली वस्तू कशी खात्रीची, जाडी कशी जागोजागी तपासलेली, आणि खरं म्हणजे गॅरेजवाल्यानेच फाटकाचं माप विचारायला हवं होतं. बायकोने ते सगळं संपू दिलं. आणि एकच विचारलं.

"डावीकडे गेलीस म्हणालात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

नव्हतं, असं म्हणायला जागा होती. बादरावांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय तिचा चेहरा धूसर दिसे, ते बरं होतं.

"हो," ते म्हणाले.

ती रागावली असती तर त्यांना सोसलं असतं. रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं. तिने टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं की तुमची गाडी आज मोकळी आहे का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे, आणि मी शेजारी बसते, पण ताई, तुम्हाला सवय नाही त्या गाडीची. बायको म्हणाली, सवय नसली तरी मधोमध कुठे असतं ते मला कळतं.

बादराव पुढे झाले. "मीही येतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही मान हलवता."

दोघी गेल्या. बादराव उरले, आणि अर्धं नाक रस्त्यावर काढून बसलेली गाडी. त्यांनी डिकीतून जॅक ओढून काढला (पुन्हा एकदा पोटावर पडून), रस्त्यावर गुडघे टेकले आणि बोल्ट सैल करू लागले. रस्ता जागा होत होता. येणाराजाणारा थांबे, वाकून बघे. पहिला आला दूधवाला. त्याने सायकल टेकवली आणि समजुतीच्या स्वरात विचारलं, "बाईंनी अडकवली वाटतं?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मान हलवण्यात तर ते पटाईत. पण मान हलेना. मघाशी "थोडी डावीकडे" म्हणालेलं तोंड त्यांचं त्यांनाच पुन्हा दिसलं.

"नाही," बादराव म्हणाले. "मी."

मग पेपरवाला आला, त्यालाही तेच सांगितलं. शाळेची रिक्षा थांबली, तीतल्या झाडून सगळ्या मुलांना सांगितलं. एक आजोबा कमी ऐकणारे होते, त्यांना ओरडून सांगावं लागलं, म्हणून जे लांब होते त्यांनाही कळलं. जॅकवर गाडी उचलून एकेक चाक ठोकळ्याच्या वरून सोडवलं. तवे निघाले. दांड्याचे बुडखे हातात धरून बादराव फाटकात उभे होते तेव्हा शेजारच्या गाडीचा हॉर्न वाजला.

ती स्वतः चालवत आली होती. गाडी फाटकासमोर थांबली, ना पुढे ना मागे. डॉक्टरीणबाई उतरून सांगू लागल्या की परीक्षकाने दोन खांबांमधून उलटी गाडी घ्यायला लावली, ताईंनी अशी घेतली की त्याने उतरून दोन्हीकडचं अंतर पाहिलं आणि विचारलं, हे शिकलात कुठे? ताई म्हणाल्या, घरी.

बायकोने काच खाली केली, नवऱ्याच्या दोन्ही हातांतल्या भोकं पाडलेल्या दोन तव्यांकडे पाहिलं.

"पास," ती म्हणाली.

बादराव त्या दिवशी बाजारात जाऊन दोन नवे तवे घेऊन आले. विकत. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, एकदम दोन? बादरावांनी त्यालाही सांगून टाकलं. आता सवयच लागली होती. एक तवा त्यांनी कुंपणावरून डॉक्टरीणबाईंना दिला आणि त्या तोंड उघडायच्या आत घरात पळाले.

रात्री जेवताना बायकोने कढत पातेलं आणलं. टेबलाचा रंग जळू नये म्हणून तिने धुऊन पुसून ठेवलेली एक चकती खाली सरकवली. धरायला बुडखा होताच. बादरावांच्या जिवात जीव आला. निदान इथे तरी ती कामाला आली. फाटक चुकलं असेल, पण चकती म्हणून चकती चोख होती. जागोजागी मोजलेली.

बायकोने तिच्यावर पातेलं ठेवलं. पातेलं डुललं. टक्. तिने ते फिरवून ठेवलं. टक्.

बादरावांचा हात खिशातल्या डबीकडे गेला आणि अर्ध्या वाटेवर थांबला.

बायको उठली, शिवणाच्या टोपलीतून चिंधी काढली, न मोजता, नुसत्या नजरेने तिची गोल चकती कापली आणि बादरावांच्या चकतीखाली सारली. पातेलं गपगार बसलं.

बादरावांनी चष्म्यावरून बघितलं, मग चष्म्यातून बघितलं. शेवटी त्यांना राहवलं नाही. स्वतःवरच हसत विचारलं, "ही चकती बरी बसली. विकतची का?"

"छे," ती वाढता वाढता म्हणाली. "घरी केलेली."